खंडेनवमीला परीक्षा

कचरूमामांचं नाव त्यांच्या आईने अगदी विचार करून ठेवलं होतं. आधीची दोन लेकरं गेली, म्हणून तिसऱ्याला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि कचरू म्हटलं, म्हणजे यमाच्या डोळ्यात भरायला नको. यमाने ऐकलं. पण आईचा उपाय जरा जास्तच लागू पडला, कारण पुढची पन्नास वर्षं कचरूमामा कोणाच्याच डोळ्यात भरले नाहीत. परभणीकडून ते हडपसरला आले, बद्रीनाथशेठच्या वर्कशॉपमध्ये लोखंड कातायच्या लेथपुढे उभे राहिले आणि अठ्ठावीस वर्षं तिथेच उभे राहिले.

बद्रीनाथशेठ वारले, मुलगा यज्ञेश्वर मालक झाला. घरची जमीन आयटी पार्कसाठी गेली, त्या पैशातून त्याने कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीन आणली. मशीन आली खरी, पण चालवणार कोण? दोन पोरांना पदरमोड करून शिकवलं. शिकली आणि महिन्याच्या आत मोठ्या कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसली. मशीन प्लास्टिक पांघरून पडून राहिली. यज्ञेश्वरने सरळ सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत ही चालू झाली नाही तर विकून टाकीन आणि शेड गोडाऊनला भाड्याने देईन. गोडाऊनमध्ये लेथवरच्या टर्नरचं काय काम?

त्याच सुमारास सरकारने लहान कारखान्यांसाठी एक योजना काढली. कामगाराला शिकायला पाठवा, तो पास झाला तर पाऊण फी सरकार देईल. नापास झाला किंवा परीक्षेला बसलाच नाही तर सगळी तुम्ही भरा. यज्ञेश्वरने फॉर्म भरला आणि फोनवर कोणाला तरी म्हणाला, "मामाचंच नाव टाकलंय. पन्नाशीचा गडी हाय, इंग्रजीच्या नावानं बोंब. त्याला कोन नेतंय? शिकंल आन् हितंच ऱ्हाईल."

मामा चार हातांवर उभे होते. ह्याच यज्ञेश्वरला खांद्यावर बसवून त्यांनी बैलपोळा दाखवला होता. बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. मामांनी लेथ सुरू केली. लेथच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही, हा तिचा मोठा गुण.

ट्रेनिंग सेंटर येरवड्याला. "उद्यापासून येरवड्याला चाललो" असं मामांनी सांगितलं, तर शेजारच्याने विचारलं, "किती महिन्यांची झाली?" एकाच महिन्याची होती, पण सोपी नव्हती. वर्गात सगळी विशीतली पोरं. मशीनवर पन्नासएक बटणं, सगळ्यांवर इंग्रजी. मामांनी अक्षरांचा नाद सोडला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे त्यांनी सगळी बटणं काढली, रंग भरले आणि कॅलेंडर चुलीशेजारी टांगलं. चंपामामी भाकरी थापता थापता परीक्षा घ्यायच्या.

"हिरवं?"

"चल."

"लाल मोठं?"

"जागच्या जागी थांब."

"आन् त्या खालचं पिवळं?"

मामा डोकं खाजवायचे. मामी म्हणायच्या, "पिवळं आल्याबिगर भाकरी न्हाई." अंगठा उठवणाऱ्या बाईला महिन्याभरात सगळी बटणं पाठ झाली.

शिकवायला भाग्यश्री मॅडम होत्या, सदाशिव पेठेतल्या. तिशीच्या आतबाहेर, आणि शब्द मोजून वापरायच्या. मामांनी पहिल्या दिवशी मशीनला हात लावून नमस्कार केला तेव्हा म्हणाल्या, "तिला कळत नाही. मॅन्युअल वाचा." शेवटच्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर परीक्षेची तारीख लिहिली. मामांनी खिशातलं छोटं कॅलेंडर काढून पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं. खंडेनवमी.

त्या दिवशी हत्यारांची पूजा. यंत्र चालवायचं नाही. मामांनी अठ्ठावीस वर्षांत त्या दिवशी कधी बटणाला बोट लावलं नव्हतं. पहिल्याच वर्षी घाईची ऑर्डर बाजूला ठेवून बद्रीनाथशेठ म्हणाले होते, "वरीसभर ती आपल्याला पोसती. एक दिस तिच्याकडनं काय मागायचं न्हाई." मामांना ते पटलं होतं, आणि एकदा पटलेलं सोडून देण्याची कला त्यांना कधी साधली नाही.

नवमीच्या सकाळी मामी म्हणाल्या, "एक डाव केलं तर देव काय बघत बसतोय?"

"देव न्हाई बघायचा. मी बघीन की."

"आन् शेडचं गोडाऊन झालं मग?"

मामांनी पिशवीत झेंडूची माळ आणि हळदीकुंकू घेतलं आणि बस पकडली.

त्यांचा नंबर शेवटचा होता. पोरं एकेक करून परीक्षा देऊन गेली. मॅडमनी नाव पुकारलं. मामा मशीनपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, आज मी ही चालवणार न्हाई. खंडेनवमी हाय."

"मग गैरहजर लिहावं लागेल."

"लिवा." मामांनी पिशवीतली माळ काढली. "फकस्त हिला एक फूल वाहू द्या. वरीसभर पोरं शिकत्यात हिच्यावर, चुकत्यात. कुनी हिची पूजा केली नसंल."

मॅडम बाजूला सरकल्या. मामांनी कोपऱ्यातल्या खणातून फडकं काढलं. आधी खोबणीतला लोखंडाचा कीस ब्रशने काढला, तेलाचे ओघळ पुसले, काच लख्ख केली. मग हळदीकुंकू लावलं, माळ घातली, हात जोडले. हे करताना त्यांना कुठलं फडकं कुठे असतं ते विचारावं लागलं नाही.

"महिनाभर ही मशीन रोज तुम्ही पुसत होतात?" मॅडमनी विचारलं.

"व्हय. पोरं गेल्यावर."

"मला वाटायचं, शिपाई पुसतो." मॅडमनी पेनाला टोपण लावलं. रकाना कोरा होता. "यादी परवा सकाळी जाते. उद्या दसरा, सुट्टी आहे. सुट्टीच्या दिवशी मी कोणासाठीही येत नाही." त्यांनी वही मिटली. "नऊला येईन. नऊ म्हणजे नऊ."

बसमध्ये बसल्यावर मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थेट हडपसरपर्यंत.

दसऱ्याला ते साडेआठलाच फाटकाशी हजर होते. मॅडम नऊला आल्या, घड्याळ पाहिलं, कुलूप काढलं. मामांनी चार पायऱ्यांचा लोखंडी दांडा बनवायचा होता. आकडे भरले, टूल लावलं, आणि हिरव्या बटणाजवळ त्यांचं बोट अडलं. तेवढ्यात कानात भाकरी थापल्याचा आवाज आला. हिरवं? चल. मामांनी बटण दाबलं. दांडा निघाला. मॅडमनी चारही ठिकाणी मापं घेतली, एका ठिकाणी पुन्हा घेतली, आणि रकान्यात 'उत्तीर्ण' लिहिलं. मामांनी खिशातून आपट्याचं पान काढून दिलं. त्यांनी ते वहीत जपून ठेवलं.

"एक विचारायचंय," मॅडम म्हणाल्या. "कंपन्या आमच्याकडे पास झालेल्यांची नावं मागतात. तुमचं देऊ? की तुम्हाला जायचंच नाही?"

मामांना फोनवरचं ते बोलणं आठवलं. त्याला कोन नेतंय?

"जायचं न्हाई बाई," ते म्हणाले. "पन नाव द्या."

दिवाळीच्या आधीच प्लास्टिक निघालं. मशीन चालू झाली, पाऊण फीही आली. आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात वर्कशॉपमधला फोन वाजला. यज्ञेश्वरने उचलला, ऐकलं, आणि त्याचा चेहरा उतरला. रिसीव्हरवर तळवा धरून तो म्हणाला, "मामा, चाकणच्या एका कंपनीतनं हाय. तुम्हाला बोलवत्यात." रिसीव्हर मात्र त्याच्या हातातून लवकर सुटेना.

मामांनी हात पुसले, फोन घेतला. "न्हाई साहेब, सध्या जमायचं न्हाई. पन इचारलंत, लई बरं वाटलं." फोन ठेवून ते मशीनकडे वळले.

"मामा," यज्ञेश्वर मागून म्हणाला, "त्या दिवशी फोनवर मी काय बोललो ते तुम्ही ऐकलं व्हतं ना?"

"लेथ चालू व्हती की," मामा म्हणाले. "काय ऐकू येतंय तिच्यात?"

संध्याकाळी घरी त्यांनी सगळं सांगितलं. मामींनी तेच तीनदा सांगायला लावलं.

"त्यांनी नाव काय घेतलं?"

"मिस्टर कचरू बोलत्यात का, म्हनले."

"मिस्टर?"

"मिस्टर."

मामी उठल्या, मीठ-मोहऱ्या घेतल्या, नवऱ्याला भिंतीपाशी पाटावर बसवलं आणि त्याच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याची दृष्ट काढली.