धाकटीच्या गिटारचं उत्तर

त्या संध्याकाळचा धक्का अजून माझ्या अंगातून उतरलेला नाही.

माझी धाकटी बहीण इस्त्रीचं दुकान चालवते. साठी ओलांडली, पण तिचा आवाज कसा आहे ते गिऱ्हाइकांना धड ठाऊक नाही. कुणी काही विचारलं की उत्तर तिचा नवरा देतो. "काकू, शर्ट कधी मिळेल?" हा म्हणणार, उद्या. मी विचारावं, "गुडघा कसा आहे गं?" तर हा म्हणणार, "बरा आहे तिचा." माणूस वाईट नाही, पण बायकोच्या तोंडचे शब्द स्वतःच्याच खिशात घेऊन फिरतो.

दुकानाच्या भिंतीपलीकडे गिटारचा क्लास. मास्तर दिवसा वजनकाटे दुरुस्त करतो, संध्याकाळी शिकवतो. वर्षानुवर्षं भिंतीतून ऐकून एक दिवस ही बया इस्त्री बंद करून तिकडे गेली आणि "मला शिकवा" म्हणाली. मला कळलं तेव्हा हातातली वाटी सुटली.

"अगं, या वयात लोक कवळी बसवतात."

"दात शाबूत आहेत माझे, ताई."

बोटं चटके खाऊन खाऊन निबर झालेली, तारेने काय कापणार त्यांना? तार दाबून वर ढकलायची, म्हणजे सूर कण्हत कण्हत चढतो, तेही जमलं. घोडं अडलं भलतीकडेच. मास्तर शिकवतो त्या ब्लूज रॉक नावाच्या विलायती संगीतात म्हणे सुरांचा एक तुकडा प्रश्न विचारतो, मग जरा थांबायचं, नि दुसऱ्या तुकड्याने उत्तर द्यायचं. धाकटी प्रश्न झकास वाजवायची, थांबायची, आणि थांबूनच राहायची. बोटं तारेवर, नजर दाराकडे.

"काकू, वाट कुणाची बघताय? उत्तरही तुमचंच आहे."

"सवय नाही हो."

शेवटी मास्तराने बजावलं, क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात उत्तर आलं नाही तर यापुढे मागे बसून नुसती साथ करायची, लीड, म्हणजे पुढे बसून मुख्य सूर वाजवायचं काम, दुसऱ्याला. त्या दिवशी ती मला म्हणाली, "ताई, मला मागे नाही बसायचं." मी तिच्याकडे बघतच राहिले. 'मला नाही' हे शब्द या पोरीच्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते.

कार्यक्रमाला मी आणि मेहुणे पहिल्या रांगेत. धाकटीने प्रश्न वाजवला आणि थांबली. मागे एकटा ड्रम वाजतोय, आणि हिची नजर थेट नवऱ्यावर. तेवढ्यात आमचे मेहुणे सवयीने, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "दमली असेल ती."

अख्ख्या हॉलने ऐकलं. मला वाटलं, संपलं.

धाकटीने नजर काढून घेतली आणि तार अशी काही वर रेटली की ती आता तुटणार म्हणून मी खुर्चीचा हात धरला. तुटली नाही. सूर चढला, थरथरला, पुन्हा चढला. मास्तराने थांबायची खूण केली. हिने बघितलंच नाही. चाळीस वर्षांचं साठलेलं उत्तर, ते काय दोन ओळींत आटपतंय? मेहुण्यांचं तोंड उघडं ते उघडंच.

नंतर बाहेर एक मुलगी ट्रे घेऊन आली. "काकू, चहा?"

मी मेहुण्यांकडे पाहिलं, मेहुण्यांनी धाकटीकडे.

"मला भरून दे," धाकटी म्हणाली. "यांना नको. रात्री झोप येत नाही यांना."

मेहुण्यांना चहा हवा होता, मला चेहऱ्यावरून दिसत होतं. पण त्यांना विचारलं कुणी?