मिठाईचं झाकण आणि विमानाचा पंख

मध्यभारत राज्याला दोन राजधान्या होत्या, त्या काळात माझी कचेरी सहा महिने इंदूरला, तर सहा महिने ग्वाल्हेरला असे. एका वर्षी मी बायकोला इंदूरहून ग्वाल्हेरला विमानाने न्यायचं ठरवलं. ती घाबरली. मग विमानतळाच्या वाटेवर टांग्यातच मी तिचा वर्ग घेतला. मिठाईच्या खोक्याचं झाकण वाऱ्यात धरलं आणि पुढची कड जरा उचलली.

"बघ, झाकण हवेला खाली ढकलतं, म्हणून हवा त्याला वर ढकलते. पंखाचंही असंच!"

"वा भिया!" टांगेवाल्याने इंदुरी थाटात दाद दिली.

विमानात ती निवांत बसली. मी मात्र पंखाचं थरथरणारं टोक बघून घामाघूम झालो. उतरताना इंजिनांचा आवाज मंदावला आणि पंखाच्या मागच्या कडेखालून एक लांब पट्टी लोंबू लागली.

"अगं, पंख सुटला!" मी ओरडलो. सगळे वळून बघू लागले.

"अहो, हळू! वेग कमी झालाय, आता त्या पट्टीने हवा जास्त खाली ढकलायला नको का? चढावर टांगा मंदावला तेव्हा तुम्हीच झाकण जास्त तिरकं केलंत की!"

केलं होतं खरं. का, ते मला आत्ता कळत होतं. चाकं टेकेपर्यंत मी गुरुजींसारखी मान डोलावत राहिलो, तिचा हात घट्ट धरून.