एक रेघ आणि सही

रविवारी मी मोठ्या माणसांना दहावीचं गणित शिकवते. कुंभवलीचे एक काका सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. कारखान्यात बॉयलरवर हेल्पर आहेत. दहावी झाली तरच पुढचं काम मिळणार. प्रत्येक गणितापुढे ते वेळ लिहितात, कारखान्याच्या लॉगबुकात लिहावी तशी. चुकलं की तिथल्याच नियमाने एकच रेघ मारतात आणि शेजारी सही करतात.

मी सांगितलं, परीक्षेत सही केलीत तर पेपर बाद होईल.

“मंग खोडलं कोनी, ते कसं समजनार, बाई?”

“समजायची गरज नसते.”

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं.

परीक्षेचा निकाल लागला, तेव्हा गणितात पास व्हायला त्यांना दोन गुण कमी पडले. “एक उत्तर चुकल्याचं तितंच समजलं होतं,” ते म्हणाले. “पन सही नाय, तर खोडायचं कसं? तसंच ठेवलं.”

पुरवणी परीक्षेचा अर्ज भरायला मी सोबत गेले. जन्मतारीख लिहिताना ते चुकले आणि पेन वर धरून थांबले. कारकून मान वर न करता म्हणाला, “खोडा आणि बाजूला सही करा.”

काकांनी सही केली, खाली वेळही लिहिली. मग अर्ज माझ्यापुढे सरकवला, मला नीट दिसेल असा.