भाऊसिंगचं राइट

नाव : भाऊसिंग. वय अंदाजे पस्तीस. बांधा मजबूत, आवाज त्याहून मजबूत. हुद्दा : कारंजा–मंगरूळपीर खासगी मोटारीवर कंडक्टर. अधिकार : सदर इसमाच्या हुकुमाखेरीज सदर मोटार जागची हलू नये.

हुकूम एकाच शब्दाचा. 'राइट'. साहेबाच्या भाषेत त्याचा अर्थ बरोबर, उजवा आणि झालंच तर हक्क. हा शेवटचा अर्थ भाऊसिंगला एका वकील उतारूकडून कळला आणि फार आवडला. आणखी काही अर्थ त्याने स्वतः घातले. मोटार हाकायची, राइट. म्हाताऱ्याचा एक पाय अजून जमिनीवर आहे, तर जरा लवकर राइट. कुणी तक्रार केली की "राइट, राइट", म्हणजे थोबाड बंद कर. एकोणीसशे तीसच्या सुमारास त्या रस्त्यावर लोक हा शब्द शिवीसारखाच ऐकत.

एका बाजाराच्या दिवशी मधल्या थांब्यावर गोजराबाई माळीण मेथीच्या दोन टोपल्या घेऊन मोटारीत चढली. ऊन तापायच्या आत मेथी बाजारात पोचली नाही, तर ती गुरांपुढेच टाकावी लागते. भाऊसिंग खाली उतरला आणि त्याने एक टोपली ओढून रस्त्यावर ठेवली.

"उतर, बुढे. इथं शेठचं गाठोडं येते."

"काहून उतरू? मी आंदी बसली."

"तुह्या मेथीचा चिखल कोन धुईन? तुहा बाप?"

"त्याले मरून लय वर्सं झाले. तूच धू."

मोटारीत हशा पिकला. कुणीतरी टोपली उचलून परत आत घेतली. भाऊसिंगच्या कानशिलाची शीर फुगली.

"ह्या मोटारीवर हुकूम कोनाचा चालते, ठाव हाये काय तुले?"

"नाई बा. तुह्या इंग्रजीत सांग. आन मोठ्यानं सांग, डायवरले बी समजू दे."

भाऊसिंगने छाती काढून सांगितलं, "राइट माहं हाये!"

ड्रायव्हर मदनसिंगला पहिल्या शब्दापलीकडचं ऐकायची सवय नव्हती. मोटार निघाली. भाऊसिंग ओरडत मागे धावला. पण एकदा राइट झालं की मागून कोण बोंबलतो ते पाहायचं नाही, असा दंडक मदनसिंगला त्यानेच घालून दिला होता. मोटारीत माणसं दाटीवाटीने बसली होती. एकानेही तोंड उघडलं नाही.

गोजराबाईची मेथी खपली, तेव्हा भाऊसिंग अजून रस्त्यातच होता. पायी.