पाहुणीची पेपर प्लेट

सहिष्णुता या विषयावर मी अमेरिकेत बरीच भाषणं दिली आहेत. मला ती चांगली जमायची. साडी नेसून उभी राहिले की निम्मं काम साडीच करायची.

ऐंशीच्या दशकात आम्ही मिडवेस्टातल्या एका मोठ्या शहरात राहत होतो. तिथे कोर्टाच्या हुकुमावरून शाळांची सरमिसळ चालू होती. पूर्वेकडच्या वस्तीतली काळी मुलं पिवळ्या बसने आमच्याकडच्या गोऱ्या शाळेत यायची, इकडची काही मुलं तिकडे जायची. आमची मुलगी यांतल्या कुठल्या खात्यात टाकायची, हे शाळेच्या ऑफिसातल्या बाईंना कळेना. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेवटी 'इतर'वर खूण केली. मला राग आला. नवरा म्हणाला, "अगं, इतर बरं. इतरांना कोणी कुठे पाठवत नाही."

शाळेत सलोखा राहावा म्हणून मुख्याध्यापकांनी पालकांची समिती नेमली. एक आयरिश, एक इटालियन, एक पोलिश, काळ्यांच्या चर्चचे एक पाद्री आणि एक आशियाई. शाळेत आशियाई घरं तीनच. चिनी कुटुंबाला रेस्टॉरंटमधून सवड नव्हती, फिलिपिनो बाई नर्स होत्या, त्यांच्या ड्यूट्या. त्यामुळे जपानपासून इराणपर्यंतचा अख्खा खंड माझ्या पदरात पडला, आणि खरं सांगते, मी तो आनंदाने ओटीत घेतला.

वर्षाच्या शेवटी 'सर्व संस्कृतींची संध्याकाळ' करायची ठरली. पहिल्या तीन बैठका टेबलं कुठे मांडायची यावरच गेल्या. नगरसेवक दारातून येणार, फोटो दारातच निघणार, म्हणून दाराजवळचं टेबल आयरिश गृहस्थांना हवं होतं आणि इटालियन बाईंनाही हवं होतं. पोलिश बाई सॉसेज गार होतील म्हणून रुसल्या. पाद्री शांतपणे म्हणाले, "आम्हाला कोपरा चालेल. सवय आहे." मग मी उठले आणि आमच्या देशात हजारो वर्षं सगळे कसे गुण्यागोविंदाने राहतात ते सांगितलं. त्याच महिन्यात आमचं मराठी मंडळ फुटलं होतं. गावात चाळीस मराठी घरं, आणि आरत्या किती म्हणायच्या यावरून गणपती दोन झाले होते. पण हे समितीला सांगायचं काही कारण नव्हतं.

भाषणाच्या भरात मी एक कल्पनाही मांडली. प्रत्येक मुलाने स्वतःच्या घरचं कौतुक सांगायचं नाही, मित्राच्या घरी पाहिलेली एक चांगली रीत सांगायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी ती लगेच लिहून घेतली.

माझ्या मुलीची जोडीदारीण आधीच ठरलेली होती. बसने येणारी तिच्या वर्गातली मुलगी, दोघी दहा वर्षांच्या. बुधवारी दोघींची गाण्याची प्रॅक्टिस असायची आणि तोवर बस निघून जायची. मग ती आमच्याकडे थांबायची. तिची आई पाणीखात्यात कारकून होती, सहा वाजता घ्यायला यायची, दारातूनच आभार मानून जायची. मुलगी गोड होती. भुवया वर करून हसायची, चपला ओळीत लावून ठेवायची आणि माझं थालीपीठ इतक्या मनापासून खायची की माझ्या पोरीने तसं कधी खाल्लं नाही.

ते थालीपीठ मी तिला पेपर प्लेटवर द्यायचे.

माझ्या मुलीला स्टीलची ताटली, तिला पेपर प्लेट. पाणी पेपर कपात. सासूबाईंवर ढकलायची सोय नाही, त्या तेव्हा नागपुरात होत्या. हात माझाच. शेजारची सोनेरी केसांची मुलगी आली की तोच हात कपाटातून चिनीमातीचा सेट काढायचा. लहानपणी माझ्या आईकडे भांडी घासणाऱ्या बाईंचा कान तुटलेला कप मोरीच्या खिडकीत पालथा असायचा. घरातली सगळी भांडी त्यांच्या हातची, पण चहा त्या कपात. मी अमेरिकेत आले, एम.ए. झाले, समितीवर गेले, आणि तो कप खिडकीतून काढून कागदाचा केला, एवढीच काय ती प्रगती.

मुलीने पहिल्याच बुधवारी रात्रीच्या जेवणाला विचारलं होतं, "आई, व्हाय डिड शी गेट पेपर?"

"धुवायचा कंटाळा, बाळा."

ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या घरात प्लास्टिकचे चमचेसुद्धा धुऊन पुन्हा वापरत. आइस्क्रीमच्या डब्यात आमटी राहायची. तिने पुढे काही विचारलं नाही आणि मला वाटलं, पटलं. लोण्याने पेपर प्लेट मऊ पडायची, म्हणून तिची मैत्रीण ती खालून दोन्ही हातांनी धरून खायची. फार जपून. खाऊन झालं की मी ती घेऊन कचऱ्यात टाकायचे.

कार्यक्रमाची संध्याकाळ जवळ आली तशी मी तयारीला लागले. मुलीच्या मैत्रिणीने आमच्या घरचं काहीतरी बघायला नको का? दर बुधवारी साडेचार वाजता, भर उजेडात, मी देवापुढे समई लावू लागले. उंबऱ्याशी रांगोळी काढली. नवरा म्हणाला, "आज काय आहे?" मी म्हटलं, "संस्कृती."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. दाराजवळ शेवटी दोन टेबलं लागली होती, एकमेकांना चिकटून. पाद्री कोपऱ्यात होते. नगरसेवकांनी सगळ्यांचं थोडं थोडं खाल्लं आणि सगळ्यांना तेच सांगितलं. मग मुलं एकेक करून बोलली. माझ्या मुलीने मैत्रिणीच्या घरी जेवणाआधी सगळे हात धरतात ते सांगितलं. नंतर तिची मैत्रीण उभी राहिली. मी पदर सारखा केला आणि समईची वाट बघू लागले.

ती म्हणाली, "माझ्या मैत्रिणीच्या घरी पाहुण्यांना मोठा मान असतो. घरातली माणसं रोजच्या ताटल्यांत खातात. पण पाहुण्याला अगदी नवी प्लेट देतात, जिच्यात आधी कोणीच जेवलेलं नसतं. आणि नंतर ती टाकून देतात, म्हणजे दुसऱ्या कोणी तिच्यात जेवू नये. म्हणून मी ती दोन्ही हातांनी धरते. माझी आई म्हणते, एवढा मान आपल्याला कुठेच कोणी दिला नाही."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. नगरसेवकांनी माझा हात हातात घेतला आणि फोटो निघाला. त्या मैत्रिणीची आई गर्दीतून वाट काढत आली आणि 'थँक यू' म्हणाली. मी 'यू आर वेलकम' म्हणाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी शाळेत दहा मार्कांसाठी स्पष्ट केली होती. ती कळली त्या संध्याकाळी. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

गाडीत मी मुलीला विचारलं, "हे तिला कोणी सांगितलं?"

"मी," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "शी आस्क्ड मी, आई. आय हॅड टू से समथिंग."

नवऱ्याने रेडिओ लावला.

पुढच्या बुधवारी मी पेपर प्लेटांची चळत कचऱ्यात टाकली आणि थालीपीठ स्टीलच्या ताटलीत वाढलं. दोघींना सारख्या ताटल्या. मला वाटलं, झालं, सुधारलं. मैत्रिणीने ताटलीकडे पाहिलं. भुवया खाली आल्या. कडेला आमच्या नावाची अक्षरं कोरलेली होती, त्यांच्यावरून तिने बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "डिड आय डू समथिंग राँग? अ‍ॅम आय नॉट युवर गेस्ट एनी मोअर?"

खरं सांगायची हीच वेळ होती. दहा वर्षांच्या मुलीला ते कसं सांगायचं, हे मला कुठल्याच भाषणात सापडलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही गं. आता तू घरचीच." मग तेच इंग्रजीत सांगितलं.

ती खुर्चीवरून उठली आणि तिने मला कमरेभोवती घट्ट मिठी मारली. माझे हात पिठाने भरलेले होते, ते तसेच अधांतरी राहिले.

माझी मुलगी समोर बसून हे बघत होती. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच देणारी पोर. पण त्या दिवशी, मैत्रिणीला कळू नये म्हणून, ती हळू आवाजात चक्क मराठीत म्हणाली, "आई, हे तरी खरं आहे ना?"