बुचाचा थर

नायनांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा मी सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लॅब असिस्टंट होते. आमच्या घरात तेलुगू बोलतात, वडिलांना आम्ही नायना म्हणतो. त्यांची वाचा शाबूत राहिली, हातही सुधारला, पण डावं पाऊल लोंबत राहिलं. चालताना बोटं फरशीला घासायची. यंत्रमागापुढं उभ्यानं आयुष्य काढलेला माणूस, खुर्चीत बसायला तयार नव्हता.

पाऊल सावरायला दवाखान्यातून दिलेला प्लास्टिकचा स्प्लिंट दोन महिन्यांत तडकला. वर्कशॉपात मुलांच्या रेसिंग गाडीसाठी आणलेलं कार्बन फायबरचं कापड उरलं होतं. वर्कशॉपच्या सरांना विचारून मी त्यातला तुकडा घरी आणला. नायनांनी डोळे मिटून तो चाचपला.

"ट्विल आहे की हे, तिरप्या विणीचं. कडेचे धागे सुटतायत. टेप लावून काप."

कापडाला रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट द्राव, पाजून तळव्याखालून पोटरीमागे वर जाणारी पट्टी मी त्यातून घडवली. पाऊल सावरलं, पण ती इतकी ताठ, की नायना म्हणाले, "टाच टेकली की गुडघ्यापर्यंत ठणका जातो."

सरांनी उपाय सांगितला. कार्बनच्या दोन थरांमध्ये बुचाचा थर घालायचा. वजन फारसं वाढत नाही आणि धक्का बूच जिरवतं. "मात्र बुचाला आधी रेझिनचा पातळ हात दे, तो सुकू दे. नाहीतर ते सगळं रेझिन पिऊन टाकतं."

गॅस्केटच्या दुकानातून बुचाचा पातळ ताव आणला. तो शनिवार होता. थर साच्यात दाबून बसवण्यासाठी हवा ओढणारा पंप सोमवारपासून मुलांना लागणार होता, आणि मे महिन्याच्या उकाड्यात कालवलेलं रेझिन भराभर घट्ट होत होतं. तो पहिला हात मी दिला नाही. माहीत असून दिला नाही. पट्टी साच्यातून निघाली ती काळी, गुळगुळीत, इतकी देखणी की मी तिचा फोटो काढला.

अकरा दिवस नायना गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येत होते. बाराव्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून कट् असा आवाज आला. मी धावले. ते भिंतीशी पडले होते. खुबा मोडला होता.

पट्टी मी वर्कशॉपात नेऊन करवतीनं कापली. कार्बन बुचापासून पापुद्र्यासारखा सुटून आला. आत चिकटलेलं काहीच नव्हतं.

ऑपरेशननंतर मी त्यांना सगळं सांगितलं. "नायना, घाई मी केली. माझ्यामुळं पडलात तुम्ही."

त्यांनी डाव्या पायावरची चादर सारली. मग म्हणाले, "दुसरी कर."

दुसरी मी तीन आठवडे घेऊन केली, एकही पायरी न गाळता. आता त्यांना पुन्हा उभं करायचं नाही, असं तोवर डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तरी त्यांनी हट्टानं पट्टी पायात घालायला लावली. आईनं पाठीला आधार दिला. कॉटवर बसूनच त्यांनी टाच फरशीवर दोनदा आपटली.

"आता ठणकत नाही," ते म्हणाले.

अंगाचा भार त्या पायावर नव्हताच. ठणकणार कसं? मी मान हलवली आणि पट्टे सोडले. पावसाळा संपायच्या आत ते गेले. ते खरं बोलले, की माझ्यासाठी बोलले, हे मला अजून कळलेलं नाही. आईला त्यांनी सांगितलंही असेल, पण तिला विचारायचं धाडस होत नाही.