अण्णांना ठाऊक नसलेला पशू

बायबलातल्या भविष्यवाण्या शिकवणारा माणूस ‘मला ठाऊक नाही’ असं प्रसन्न चेहऱ्यानं म्हणू शकतो, हे मला अण्णांमुळे कळलं. अण्णा मूळचे बेळगावचे, यशवंतपूरच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. रविवारी दुपारी बसवनगुडीत आमच्या घरी दहा-बारा मराठी ख्रिस्ती माणसं जमत आणि अण्णा दानीएलाचं नाहीतर प्रकटीकरणाचं पुस्तक उघडून बसत.

सात डोक्यांचा, दहा शिंगांचा पशू आला की कुणीतरी विचारायचंच, “अण्णा, हा आजचा कोण?” चष्मा पुसत अण्णा म्हणत, “मजकूर स्वतः उलगडून सांगतो, तिथं नीट ऐकायचं. तो गप्प बसला की आपणही स्वल्प गप्प बसायचं.” दानीएलाचे चार पशू म्हणजे चार राजे, हे तिथंच लिहिलेलं ते बोट ठेवून दाखवत. पण आजच्या कुणाचं नाव ते कुठल्याच शिंगाला चिकटवू देत नसत.

माझ्या आईला हे सगळं अळणी वाटे. मोबाइलवरचे उपदेशक तिला रोज नवा पशू दाखवत. मग तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात नर्सनं मनगटाला बांधायला पट्टी आणली, तर तिच्यावरच्या नंबरात ओळीनं तीन सहा, प्रकटीकरणातला पशूचा आकडा! आईनं हात पदराखाली घेतला. “पशूची खूण आहे ती. मेले तरी बांधून घेणार नाही.” डॉक्टरांनी समजावलं, मी रडले. शेवटी अण्णांना फोन केला.

ते बसनं आले. आईला रागावले नाहीत. स्टुलावर बसून म्हणाले, “वहिनी, ते पुस्तक कुणासाठी लिहिलं? छळानं घाबरलेल्या लोकांना धीर द्यायला. ते वाचून आपण जास्त घाबरलो, तर वाचण्यात कुठंतरी चुकलंय.”

आईचा हात पदराखालीच. मग अण्णा खालच्या आवाजात बोलले. “मी चुकलोय, म्हणून सांगतो. तरुणपणी मीही शिंगं मोजून शेवटाचं वर्ष काढलं होतं. माझ्या लीनाला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. मी म्हटलं, जगच संपतंय, शिकून काय करणार? ते वर्ष आलं नि गेलं. पोर चिकपेटेत ब्लाउज शिवते. मला कधी बोलली नाही. पण मी रोज बघतो की.”

आईनं पदर बाजूला केला. मग तिनं हात पुढं केला. “बांध गं,” ती नर्सला म्हणाली.

आई बरी झाली. पुढच्याच वर्षी अण्णा गेले. मातीहून परतताना मी लीनाअक्काला दवाखान्यातली हकिकत सांगितली. मला वाटलं, तिला ती ठाऊक नसेल.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “अप्पा त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, लीना, माझं चुकलं.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? सरी अप्पा, ठीक आहे, म्हटलं. मग ते शेजारी बसले, आणि दोघांनी मिळून वाटाणे सोलले.”